ऑक्टोपसच्या वर उडणारा पतंग

संक्रांतीच्या आसपास अहमदाबादच्या आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवाचे व्हिडिओ तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येत असतील. साबरमतीच्या काठावर 1989 पासून हा महोत्सव भरतो. आकाशात घराएवढा ऑक्टोपस पाय हलवत असतो, शेजारी देवमासा, मध्येच एखादं अस्वल. सगळे मोबाईल त्या ऑक्टोपसकडे वळलेले.

पुढच्या वेळी व्हिडिओ तिथे थांबवा आणि ऑक्टोपसच्या वर बघा. एक दोरी आणखी वर गेलेली दिसेल आणि तिच्या टोकाला एक साधा, छोटा, बहुतेक एकाच रंगाचा पतंग. तो नाचत नाही, गिरक्या घेत नाही, कुणाची काटाकाटी करत नाही. जागच्या जागी उभा असतो. पण अनेकदा ऑक्टोपस आकाशात असतो तो याच्या जिवावर. स्वतःचं वजन पेलायची ताकद त्या फुगलेल्या धुडात नेहमी असतेच असं नाही. त्याला वरून धरून ठेवणाऱ्या या पतंगाला लिफ्टर म्हणतात. त्यात काडी, कामट्या, बांबू काहीच नसेल तर सॉफ्ट लिफ्टर. म्हणजे नुसतं कापड आणि दोरी. आकार येतो तो आत भरणाऱ्या वाऱ्यामुळे.

या वेळच्या ‘हातकाम’मध्ये आपण असा एक लिफ्टर घरी शिवणार आहोत. शिवणं ही एका दुपारची गोष्ट. त्याला शांत उभं राहायला शिकवणं हे खरं काम, आणि त्याला दोन-तीन संध्याकाळी लागतात. म्हणून कृती थोडक्यात सांगते आणि ट्यूनिंगवर जास्त वेळ घालवते.

पडद्यापासून पॅराशूटपर्यंत

पतंगाने वजन उचलायचं ही कल्पना जुनीच. 12 डिसेंबर 1901 ला मार्कोनीने अटलांटिकच्या पलीकडून आलेला रेडिओ संदेश न्यूफाउंडलंडमध्ये टिपला, तेव्हा त्याची अँटेनाची तार हवेत धरून ठेवली होती ती पतंगाने. पण ते पतंग काड्यांचे होते.

काड्या गायब होण्याच्या गोष्टीत मला सर्वांत आवडतं ते अमेरिकेतलं रोगॅलो जोडपं. फ्रान्सिस रोगॅलो इंजिनिअर. घरच्या घरी मोठा पंखा लावून ते आणि त्यांची बायको गर्ट्रूड वाऱ्यावर प्रयोग करायचे. 1948 मध्ये त्यांचा काड्या नसलेला पतंग उडाला, आणि तो गर्ट्रूडबाईंनी शिवला होता स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून. हँग ग्लायडरचा पंख याच कल्पनेतून पुढे आला.

मग 1964 मध्ये डॉमिना जाल्बर्ट यांनी पॅराफॉइल काढला. दोन कापडांच्या मध्ये कप्पे, पुढची तोंडं उघडी, वारा आत शिरला की विमानाच्या पंखासारखा आकार. आज कामशेतला किंवा हिमाचलच्या बीडला जे पॅराग्लायडर दिसतात, ते याच घराण्यातले.

पण पॅराफॉइल घरी शिवायचा म्हणजे पंधरा-वीस तुकडे मिलिमीटरला मिलिमीटर जुळवणं आलं. पहिल्यांदा शिवणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत. आपण स्लेड बनवू. विल्यम अ‍ॅलिसन या अमेरिकन माणसाने 1950 च्या दशकात याचं पेटंट घेतलं. मुळात त्यात दोन उभ्या काड्या असतात. आपण काड्यांच्या जागी कापडाच्या दोन नळ्या लावणार आहोत. वारा भरला की त्या नळ्याच काड्यांचं काम करतात.

कापड ओठांवर लावून बघा

कापडाच्या दुकानात ‘पॅराशूट कापड’ मागा. पातळ नायलॉनचं, पिशव्या आणि विंडचीटरसाठी वापरतात ते. दीड मीटर पुरतं. छत्रीचं कापडही चालतं. कुठलंही घ्या, पण आधी ओठांवर घट्ट लावून जोरात फुंका. हवा पलीकडे गेली तर ते कापड परत ठेवा. घरातली जुनी साडी किंवा सुती चादर कितीही हलकी वाटली तरी या परीक्षेत नापास होते. नळ्या फुगणार कशा, हवा विणीतूनच निसटली तर?

आता माप. 120 सेंटिमीटर रुंद, 90 उंच असा तुकडा घ्या आणि रुंदीच्या मधोमध उभी घडी घाला. घडीपासून वरच्या काठावर 30 सेंटिमीटरवर खूण, खालच्या काठावरही 30 वर खूण. उघड्या बाजूवर, वरून 30 सेंटिमीटर खाली तिसरी खूण. तिन्ही खुणा सरळ रेषांनी जोडा, बाहेरचे कोपरे कापा, घडी उलगडा. सहा बाजूंचा आकार मिळेल. मधला 60 बाय 90 चा चौकोन आणि दोन्हीकडे एकेक त्रिकोणी कान. दुमडपट्टीसाठी चहूबाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवायला विसरू नका. कडेचे धागे सुटत असतील तर मोठ्यांनी मेणबत्तीच्या आचेवर कड हलकेच शेकून घ्यावी. बॅगा शिवणारे तेच करतात.

नळ्यांसाठी दोन पट्ट्या. लांबी 90, वरची रुंदी 24, खालची 12, आणि शिलाईसाठी थोडं जास्त. चौकोन आणि कान जिथे मिळतात त्या रेषेला लागून, आतल्या बाजूला, ही पट्टी दोन्ही कडांनी शिवायची. पण सपाट नाही. खालच्या कापडावर वरती 12 सेंटिमीटरचीच जागा द्या, तळाशी 6 ची. म्हणजे पट्टी कमानीसारखी उभी राहील आणि नळी तयार होईल. पट्टीची बाजू उडवणाऱ्याकडे तोंड करून हवी. वरचं तोंड मोठं, खालचं त्याच्या पाव क्षेत्रफळाचं. आत येणारी हवा सहज येते, जाणारी अडखळते, म्हणून नळी ताठ राहते.

एक छोटी युक्ती इथे फार कामाची आहे. वरच्या तोंडाच्या कडेत बकरमची पट्टी घालून शिवा. शर्टाच्या कॉलरमध्ये असतं तेच बकरम. तोंड मिटलेलं राहिलं तर वारा आत जाणारच नाही, आणि पतंग जमिनीवर ओल्या रुमालासारखा पडून राहील.

कानांच्या टोकाला सगळा ताण येतो. तिथे कापडाचे दोन थर जास्त द्या आणि नाडीचे तीन लूप शिवा. एक टोकावर, म्हणजे वरून 30 सेंटिमीटरवर, एक त्याच्या तीन सेंटिमीटर वर, एक तीन सेंटिमीटर खाली. हे तीन लूप आत्ता जास्तीचे वाटतील. मैदानावर त्यांची किंमत कळते.

शेवटी मधल्या भागात, तळापासून पाव उंचीवर एक त्रिकोणी झरोका. प्रत्येक बाजू 12 सेंटिमीटर. मोठा करू नका. झरोका नंतर वाढवता येतो, लहान करायचा तर ठिगळ लावावं लागतं.

कण्णी आणि दोरी

कण्णी म्हणजे गुजरातेतल्या वाचकांचा किन्ना. इथे ती दोन पायांची. 3 मीटर 60 सेंटिमीटर दोरी घ्या, दोन टोकं दोन कानांच्या मधल्या लूपला बांधा. बरोबर मध्यावर किल्ल्यांच्या जुडग्यातली छोटी कडी फासाने अडकवा, म्हणजे ती सरकवता येते आणि ताण आला की घट्ट बसते. कण्णी आखूड करायचा मोह होतो, करू नका. आखूड कण्णी दोन्ही कान जवळ ओढते आणि पतंग पुस्तकासारखा मिटतो.

उडवायची दोरी सुती हवी. परदेशी लोक पॉलिस्टरची वापरतात, ती पातळ आणि दणकट असते हे खरं. पण आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली, आणि ती का घातली हे दर जानेवारीत बातम्यांमधून दिसतंच. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे कापलेले गळे, पंखात धागा अडकून झाडावर लटकलेले पक्षी. या पतंगाला कुणाला कापायचंच नाही. मग जाड, मऊ, लांबूनही दिसेल अशी सुती दोरी का नको? ती थोडी जड असते, पतंग थोडा खाली उडतो. उडू दे.

दोरीची ताकद मोजायला बादली पुरते. 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो. बादली दोरीला बांधून जमिनीपासून बोटभर उचला आणि मिनिटभर तशीच धरा. खाली पाय ठेवू नका. जी दोरी हे सहन करते ती आपल्याला चालेल.

एवढी ताकद कशाला, असं वाटेल. ताशी 20 किलोमीटरच्या वाऱ्यात हा पतंग अंदाजे किलोभर ओढतो, त्याहून जास्त नाही. पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. माझा आणि भौतिकशास्त्राचा दहावीनंतर फारसा संबंध आला नाही, पण हे एक गणित हाताला आपोआप समजतं. झुळूक येते तेव्हा वाटतं, कुणीतरी पलीकडून दोरी हिसकावतंय. म्हणून हातमोजे घाला, दोरी मनगटाला कधीच गुंडाळू नका, आणि लहान मुलांच्या हाती एकट्याने देऊ नका.

आता खरी गोष्ट

पहिली चाचणी गच्चीवर नको. कठड्यावरून येणारा वारा उलटसुलट असतो, आणि त्यात कुठलाही सॉफ्ट पतंग वेड्यासारखा वागतो. मग आपण पतंगाला दोष देत बसतो. इमारत किंवा झाडांची रांग वाऱ्याच्या बाजूला असेल तर त्यांच्या उंचीच्या निदान सात-आठ पट लांब उभे राहा. समुद्रकिनारा सर्वांत उत्तम. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा एकसारखा असतो. चेन्नईच्या मरीनावर किंवा कोकणातल्या कुठल्याही मोकळ्या पुळणीवर तुम्हाला हे जाणवेल. बडोदा, इंदूर, नागपूरवाल्यांनी मोठं मैदान शोधावं. झाडाच्या बारीक फांद्या हलत असतील, पण अख्खं झाड डोलत नसेल, असा वारा हवा.

उडवताना कुणाला पतंग घेऊन पळायला लावू नका. दहा-पंधरा मीटर दोरी सोडा, समोरच्याने दोन्ही नळ्यांची तोंडं वाऱ्याकडे धरावीत, नळ्या ‘फप्प’ करून भरल्या की हात सोडावेत. ढील देत जा.

आणि मग बघत राहा. लगेच काही करू नका. पाच मिनिटं नुसतं बघा, तो काय चुकतोय ते तोच सांगतो.

सतत डावीकडे झुकून राहत असेल तर कण्णीचे दोन पाय सारखे नाहीत, किंवा शिलाईत एक बाजू ओढली गेली आहे. कडी उजव्या पायाकडे सरकवा, म्हणजे उजवा पाय आखूड होईल आणि पतंग उजवीकडे येईल. एका वेळी अर्धा सेंटिमीटर. दोन सेंटिमीटर सरकवूनही झुकतच असेल तर कडी सोडा आणि शिलाई तपासा. कण्णीने शिलाईचा दोष झाकायचा प्रयत्न केला की मंद वाऱ्यात सरळ आणि जोराच्या वाऱ्यात पुन्हा वाकडा, असा पतंग हाती येतो.

खाली राहून नुसताच ओढत असेल, दोरी जमिनीशी जेमतेम 30 अंशांचा कोन करत असेल, तर कण्णी वरच्या लूपमध्ये घाला. पतंग वाऱ्याला थोडा आडवा होईल, ओढ कमी होईल, आणि तो वर चढेल. उलट, डोक्यावर येऊन तरंगायला लागला, मध्येच दोरी सैल पडून नळ्या मऊ झाल्या, तर तो जास्त आडवा झालाय. खालच्या लूपमध्ये घाला. भाजीतल्या मिठासारखं आहे हे. तीन सेंटिमीटरचा फरक कागदावर काहीच नाही, वर पतंगाचा स्वभाव बदलतो.

इथे नव्या माणसाला उंचीची भूल पडते. जितका डोक्यावर, तितका चांगला, असं वाटतं. काटाकाटीच्या पतंगाची आपल्याला सवय, त्यात ते खरंही असेल. लिफ्टरचं तसं नाही. 50-60 अंशांवर उभा राहून जो दोरी सतत ताठ ठेवतो, तो 75 अंशांवर जाऊन अधूनमधून डुलकी घेणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगला. कारण त्याच्या दोरीला काहीतरी लटकणार आहे, आणि त्याच्या खाली माणसं असणार आहेत.

सर्वांत चिवट दोष म्हणजे झोके. वारा वाढला की पतंग डावीकडे-उजवीकडे आठच्या आकड्यासारखा फिरू लागतो, झोके मोठे होत जातात आणि शेवटी गोता खातो. असा पतंग दोन गोष्टींच्या ओढाताणीत असतो. कण्णीखाली लंबकासारखं लटकणं त्याला सरळ करतं, पण सरळ करता करता पलीकडे फेकतं. शेपटाकडचा वाऱ्याचा अडथळा हे झोके शमवतो. म्हणून इलाज मागच्या बाजूला. झरोका बोटभर मोठा करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर कापडाचं नरसाळं शिवा. तोंड 15 सेंटिमीटर, मागचं भोक पाच-सहा, लांबी 25. पतंगाच्या खालच्या दोन कोपऱ्यांपासून दोन दोऱ्या एकत्र आणून त्याला मागे बांधा. लांब शेपूट दिसायला छान, पण त्याचं वजन मंद वाऱ्यातही पतंगाला ओढत राहतं. नरसाळं मंद वाऱ्यात जवळजवळ झोपलेलं असतं, वारा वाढला की तेही जोर लावतं. ज्या क्षणी गरज, त्या क्षणी मदत.

मिटण्याचा दोष स्लेडच्या रक्तातच आहे. वारा अचानक पडला, मग बाजूने आला, की दोन्ही कान एकमेकांना भेटतात आणि पतंग चिंधीसारखा खाली येतो. लांब कण्णी, ताठ नळ्या आणि बकरमचं तोंड यांनी हे पुष्कळ कमी होतं, संपत मात्र नाही. दोरी हळूच पण सलग आपल्याकडे ओढली तर बऱ्याचदा तो पुन्हा उघडतो. पण ज्या दिवशी वारा पडतोय-उठतोय असा खेळ चालू आहे, त्या दिवशी त्याला काही लटकवू नये. बिनवजनाचा उडवा, मजा घ्या.

काय लटकवायचं?

मोबाईल नाही. हे आधीच सांगते, कारण घरातल्या कुणाच्या तरी डोक्यात ते येणारच. 200 ग्रॅमचा फोन 30 मीटरवरून कुणाच्या डोक्यावर पडला तर काय, याचं उत्तर सगळ्यांना माहीत आहे.

कापडी मासा, रंगीत वाऱ्याची पिशवी, मुलांनी चिंध्यांचा केलेला साप, असं काहीतरी घ्या. पडलं तरी लागणार नाही असं. मी वजन ओढीच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जाऊ देत नाही. किलोभर ओढीला 200 ग्रॅम, बस. आणि ते पतंगाला नाही, दोरीला बांधा, पतंगापासून 15-20 मीटर खाली. आधी पतंग एकटाच दहा मिनिटं शांत उभा राहू दे, मगच मासा बांधा. मासा वाऱ्यात वळवळायला लागला की घरातल्या आजोबांपासून नातीपर्यंत सगळे त्या माशाकडे बघणार. पतंगाकडे कुणीच नाही. तुमची नजर मात्र तिथेच हवी.

दोरी हातात धरून ठेवायची गरज नाही. दहा-बारा किलो वाळू भरलेली पिशवी पुरते. पण पिशवीला बांधून चहाला जायचं नाही. दोरीखालची जागा मोकळी ठेवा, विजेच्या तारांपासून आणि रस्त्यापासून लांब राहा, ढग गडगडले की लगेच खाली. विमानतळाच्या परिसरात तर नकोच. आपल्या 1934 च्या विमान कायद्याच्या व्याख्येत ‘एअरक्राफ्ट’ या शब्दात पतंगही मोडत होता. हसू येतं, पण उतरणाऱ्या विमानाच्या वाटेत कापड आणि दोरी काय करू शकते याचा विचार केला की ते हसू जातं.

वारा वाढला आणि ओढ जास्त वाटली तर दोरी भराभर गुंडाळायच्या मागे लागू नका. गुंडाळताना पतंगाला वाटतं वारा आणखी वाढला, तो आणखी ओढतो. त्यापेक्षा एकाने दोरी पक्की धरावी, दुसऱ्याने हातमोजा घालून दोरी हाताखाली दाबत पतंगाच्या दिशेने चालत जावं. चालत चालत पतंग जमिनीवर येतो. एक कान धरला की नळ्यांतली हवा निघते आणि ओढ एकदम संपते.

किनाऱ्यावर उडवला असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. खारट कापड दमट राहतं, आणि दमट कापड जड. इस्त्री नको, नायलॉन वितळतं. घडीही न घालता खालून वर गुंडाळत या, म्हणजे नळ्यांतली हवा वरच्या तोंडातून निघून जाते आणि बकरम मोडत नाही. अख्खा पतंग डब्याच्या पिशवीत मावतो. कण्णी सोडू नका, तशीच ठेवा, आणि कडी जिथे जमली होती तिथे दोरीवर पेनाने एक खूण करून ठेवा.